ऊडनाडाटा ट्रॅक: तंबू, जुनी प्राडो आणि एसटीतून निवृत्त झालेले बाबा. कुणी गेलंय का?

सह्याद्रीवेडा | ३ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मेलबर्नला असतो. जुलैच्या शाळेच्या सुट्टीत साउथ ऑस्ट्रेलियातला ऊडनाडाटा ट्रॅक करायचा बेत शिजतोय. मरी ते मार्ला, साधारण ६२० किलोमीटर, सगळा कच्चा. मध्ये विल्यम क्रीक आणि ऊडनाडाटा या दोनच वस्त्या. जमलं तर ऊडनाडाटाहून वर डॅलहौजीच्या गरम झऱ्यांपर्यंत जायचंय.

गाडी जुनी डिझेल प्राडो. माणसं चार: आम्ही दोघं, दहा वर्षांचा मुलगा आणि पुण्याहून आलेले बाबा. बाबा एसटीच्या दापोडी कार्यशाळेतून निवृत्त झालेत, म्हणजे गाडीखाली शिरायला माणूस आहे, फक्त गुडघे परवानगी देत नाहीत. ग्रॅम्पियन्समध्ये आणि किनाऱ्यावर तंबू ठोकून राहिलोय, पण इतक्या आत कधी गेलो नाही. टायर कुठले, पाणी किती, एकट्या गाडीने जावं का, आणि चार माणसांचं खायचं काय करायचं, सगळंच विचारतोय. सुट्टी मोजकी आहे, वाढवून मिळणार नाही.

डांबरट | ३ जून, रात्री १०:०५

खुर्ची टाकून बसलोय.

रच्याकने, नकाशावर बघितलं. आठ-नऊ तासांचा रस्ता दाखवतोय. सकाळी मरीत चहा घ्यायचा, रात्री मार्लात जेवायचं. आम्ही मनाली-काझा केलंय, कुंझुम ओलांडून, तेही साध्या गाडीने. इथे तर घाटसुद्धा नाही. एवढी तयारी कशाला?

अबोली_ॲडलेड | ४ जून, सकाळी ७:१५

डांबरट, घाट नाही हे खरं. घाट असता तर लोकांनी वेग तरी आवरला असता. स्पितीत अडलात तर दोन तासांत मागून ट्रक येतो, चहाची टपरी असते, कुणीतरी दोरी काढतं. इथे मरीहून निघाल्यावर २०० किमीवर विल्यम क्रीक. तिथे कायम राहणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. पुढे पुन्हा २०० किमीवर ऊडनाडाटा आणि आणखी २०० वर मार्ला, तिथे डांबरी स्टुअर्ट हायवे लागतो. मोबाइल फक्त वस्तीत चालतो, तोही सगळ्या कंपन्यांचा नाही. विल्यम क्रीकच्या भोवती जे ॲना क्रीक स्टेशन आहे, म्हणजे गुरांचं कुरण, ते एकटं आपल्या पुणे जिल्ह्याएवढं आहे. जगातलं सगळ्यात मोठं म्हणतात ते हेच.

आता रस्ता. कोरड्या दिवसांत तो अवघड नाही, हे आधीच सांगते, नाहीतर धागा वाचून लोक उगाच धास्तावतात. अवघड आहे ती त्याची लय. मैलोन्‌मैल पृष्ठभाग पन्हळी पत्र्यासारखा होतो आणि गाडी थडथडत राहते. वेग वाढवला की थडथड कमी वाटते, कारण चाकं नुसत्या उंचवट्यांवरून तरंगतात. म्हणजेच ती जमिनीला धड टेकलेली नसतात. अशात वळण आलं, खाली सैल खडी असली आणि ब्रेक दाबला की गाडी फिरते. सत्तर-ऐंशीच्या वर जाऊ नका. काही ठिकाणी पिठासारखी धूळ खड्ड्यात काठोकाठ भरलेली असते. वरून सपाट दिसतं, खाली दीड फूट खोल.

सह्याद्रीवेडा, तुमच्या गाडीची मला काळजी नाही. प्राडो तिथे जन्मभर पळतात. काळजी वाटली ती 'सुट्टी मोजकी आहे' या वाक्याची. पावसाबद्दल संध्याकाळी सविस्तर लिहिते.

जुना_पाना | ४ जून, दुपारी १:२०

भावा, आधी टायर बघ. मी कालगुर्लीला खाणीत गाड्यांवरच असतो.

शोरूममधून येतात ते टायर शहरातले. बाजूची भिंत पातळ, टोकदार दगड लागला की चिरते, आणि बाजू चिरली की प्लग बसत नाही, टायर फेकायचा. लाइट ट्रक प्रतीचे घे. स्टेपनी दोन ने. पंक्चर प्लगचं किट, चांगला कॉम्प्रेसर आणि हवा मोजायचं मीटर. डांबरावर ३८-४० ठेवत असशील तर कच्च्यावर २८-३० कर, वेगही त्याच प्रमाणात कमी. जास्त हवा आणि जास्त वेग, दोन्हींनी टायर फाटतात. मऊ वाळूत अडकलास तर १८ पर्यंत उतरव. बाहेर आल्यावर मात्र लगेच भर, नाहीतर टायर तापून जाईल.

जॅकखाली ठेवायला जाड लाकडी फळी. फावडं लांब दांड्याचं. चाकाखाली घालायच्या पट्ट्यांची एक जोडी. ओढायची वेळ आली तर पट्टा चॅसिसला बोल्ट केलेल्या ठरलेल्या हुकालाच लाव. मागच्या टो बॉलला कधीही लावायचा नाही. तो तुटून गोळीसारखा उडतो, माणसं मेली आहेत त्याने.

छपरावर जास्त भरू नकोस. एअर फिल्टर नवा घाल, जुना झटकून बरोबर ठेव. आणि बाबा आहेत ना? रोज मुक्कामावर पोचल्यावर त्यांना पाना घेऊन एक फेरी मारायला सांग. चाकाचे नट, छताच्या रॅकचे बोल्ट, बॅटरीची क्लॅम्प, शॉक अबसॉर्बर. थडथडीने सगळं सैल होतं.

पूर्वा_सिडनी | ४ जून, दुपारी ३:०२

ज्यांची स्वतःची गाडी नाही त्यांच्यासाठी: भाड्याच्या बहुतेक गाड्यांच्या करारात 'कच्चा रस्ता वर्ज्य' असं लिहिलेलं असतं, फोर व्हील ड्राइव्ह गाडी असली तरी. माझ्या ओळखीतल्या एकाची अशी गाडी कच्च्यावर बंद पडली. टोइंग, काच, टायर, सगळं खिशातून गेलं, विम्याने हात वर केले. कच्च्या रस्त्यांसाठीच गाड्या देणाऱ्या कंपन्या वेगळ्या असतात. त्यांनाही रस्त्याचं नाव सांगून लेखी परवानगी घ्यावी.

स्वतःच्या गाडीच्या विम्यातही टोइंग किती किलोमीटरपर्यंत ते वाचा. तिथे किलोमीटरवरच सगळा हिशेब चालतो.

अबोली_ॲडलेड | ४ जून, संध्याकाळी ६:५०

हं, पाऊस.

त्या भागात वर्षाला जेमतेम १५० ते २०० मिलिमीटर पडतो. महाबळेश्वरला जुलैत हे एका दिवसाचं काम. पण जमीन चिकणमाती आणि उतार नावालाही नाही. दहा मिलिमीटर पडला तरी रस्ता बंद होऊ शकतो. टायरच्या खाचा चिखलाने भरल्या की फोर व्हील ड्राइव्ह असून नसल्यासारखी. शिवाय ओल्यात गाडी घातली की चाकोऱ्या पडतात, त्या वाळून दगड होतात आणि पुढचे कित्येक आठवडे सगळ्यांची हाडं खिळखिळी करतात. म्हणून बंद रस्त्यावर गाडी घातली तर दंड जबर आहे.

राज्य सरकार आउटबॅकच्या रस्त्यांची स्थिती रोज जाहीर करतं. रस्ता खुला, फक्त फोर व्हील ड्राइव्हसाठी खुला, किंवा बंद. मरीत आणि मार्लातही मोठे फलक आहेत. निघायच्या आधीचा आठवडाभर ते बघत राहायचं, वाटेत प्रत्येक वस्तीत पुन्हा विचारायचं.

आणि वेळापत्रकात रिकामे दिवस ठेवायचे. 'अमुक तारखेला मार्ला गाठलंच पाहिजे' असं ठरवून निघालेली माणसंच बंद फलकाला वळसा घालतात. तुमची सुट्टी मोजकी आहे तर डॅलहौजी काढून टाका. ऊडनाडाटाच्या वरचा रस्ता जास्त दगडी आहे, एकच गाडी आहे, बाबा बरोबर आहेत. झरे पळून जात नाहीत. त्या ऐवजी विल्यम क्रीकहून कूबर पीडीला निघायची वाट मनात ठेवा, १६६ किमी, तिथून डांबर. आणि मरीच्या अलीकडेच पाऊस लागला तर सरळ फ्लिंडर्स डोंगरांत राहा. तिथल्या विल्पीना पाउंडला कुणी गरीब म्हणणार नाही.

सह्याद्रीवेडा | ४ जून, रात्री ८:३०

डॅलहौजी काढायचं म्हणजे जिवावर आलं, पण पटलं. एक गाडी की दोन?

अबोली_ॲडलेड | ४ जून, रात्री ९:१०

जुलैत या ट्रॅकवर रोज थोडी तरी वर्दळ असते, एकट्या गाडीने जाणारे पुष्कळ. अट एकच. बंद पडलात तर गाडी सोडून चालत निघायचं नाही.

याच भागातली गोष्ट आहे. १९९८च्या डिसेंबरात लेक एअर या मिठाच्या तलावाच्या काठी, हॅलिगन बेजवळ, एका ऑस्ट्रियन जोडप्याची गाडी वाळूत रुतली. विल्यम क्रीक तिथून साठेक किलोमीटर. दोघं चालत निघाले. तो थकून गाडीकडे परतला आणि वाचला. ती पुढे चालत राहिली आणि उन्हाने गेली. त्याआधी १९६३च्या डिसेंबरात बर्ड्सव्हिल ट्रॅकवर पाच जणांचं अख्खं कुटुंब गाडी सोडून निघालं आणि संपलं. विमानातून गाडी दिसते, माणूस दिसत नाही.

पर्सनल लोकेटर बीकन घ्या, मुठीएवढा असतो. नोंदणी फुकट आहे, ती जरूर करा. बटण दाबलं की उपग्रहामार्फत बचाव केंद्राला ठिकाण कळतं. गाडीत यूएचएफ रेडिओ हवा. ४० नंबरवर ट्रकवाले बोलतात, ५ फक्त संकटासाठी. जनावरं वाहून नेणारी रोड ट्रेन ५३ मीटरपर्यंत लांब असते. समोरून आली तर डावीकडे सरा, थांबा, धूळ बसू द्या. मागून ओव्हरटेक करायचं असेल तर आधी रेडिओवर विचारा.

पाणी माणशी रोज दहा लिटर धरा, वर चार दिवसांचं जास्तीचं. एकाच टाकीत नको, वेगवेगळ्या डब्यांत.

तारबाबू_नाशिक | ५ जून, सकाळी ६:०५

आम्ही गाडीतली माणसं नव्हे, तारेतली. मुंबईच्या सेंट्रल टेलिग्राफ ऑफिसात हयात गेली, २०१३ साली तार बंद झाली तेव्हा निवृत्तीला आलो होतो. हा नकाशा बघून राहवलं नाही म्हणून लिहितो.

हा रस्ता जिथे आहे तिथे का आहे, याचं उत्तर पाण्यात आहे. ऑस्ट्रेलियाच्या पोटात ग्रेट आर्टेशियन बेसिन नावाचा भूजलसाठा आहे. खंडाचा पाचवा हिस्सा त्यावर उभा आहे. त्याच्या या कडेला ते पाणी आपल्या दाबाने वर येतं आणि वाळवंटात झऱ्यांची एक ओळच तयार होते. अरबाना लोक हजारो वर्षं त्या ओळीने ये-जा करत होते. स्टुअर्ट नावाचा शोधक त्याच झऱ्यांवरून उत्तरेला सरकत १८६२ साली पलीकडच्या समुद्राला पोचला. त्याच्या मागोमाग तार आली. पोर्ट ऑगस्टा ते डार्विन, ३,२०० किलोमीटर, ऑगस्ट १८७२ मध्ये जोडली गेली. दर अडीच-तीनशे किलोमीटरवर सिग्नल मंदावायचा, म्हणून मध्ये ठाणी. तिथला तारबाबू आलेला मजकूर ऐकून पुढे पुन्हा वाजवायचा. तुमच्या वाटेवर स्ट्रँगवेज स्प्रिंग्ज आणि पीक अशी दोन ठाणी पडक्या अवस्थेत आहेत. नावातच झरा आहे बघा. नंतर वाफेच्या इंजिनांना पाणी लागायचं, म्हणून रेल्वेही त्याच ओळीने गेली, १८९१ साली ऊडनाडाटापर्यंत, १९२९ साली ॲलिस स्प्रिंग्जपर्यंत. पुरात रूळ वाहून जायचे. १९८० साली नवी लाइन पश्चिमेला कोरड्यात टाकली आणि ही मेली. तिच्या कडेचा सर्व्हिस रोड म्हणजे तुमचा ट्रॅक.

आता आमचा भाग. डार्विनहून समुद्राखालची केबल जाव्याला, तिथून सिंगापूर, मद्रास, मग जमिनीवरून मुंबई, आणि मुंबईहून एडन-सुएझ करत लंडन. म्हणजे ॲडलेडच्या लोकर व्यापाऱ्याचा लंडनचा भाव मुंबईमार्गे जायचा. स्ट्रँगवेजच्या त्या भिंतींपाशी जाल तेव्हा आमच्या वतीने एक कडकट्ट करून या.

डांबरट | ५ जून, सकाळी ९:३०

काका, दंडवत. यानंतर मी स्पितीबद्दल बोलणार नाही. म्हणजे बोलेन, पण आवाज खाली ठेवून.

अबोली_ॲडलेड | ५ जून, सकाळी ९:५५

तारबाबू, अप्रतिम. उंटांचंही सांगायला हवं होतं तुम्ही. तारेचे खांब, रुळांचं सामान, कुरणांना पीठ-साखर, सगळं उंटांवरून गेलं. १८६६ साली शंभरावर उंट आणि तीसेक उंटवाले कराचीहून पोर्ट ऑगस्टाला उतरले. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. बलुची, पठाण, सिंधी, पंजाबी, राजस्थानी, सगळ्यांना इथे सरसकट 'अफगाण' म्हणून टाकलं. या लाइनवरच्या रेल्वेगाडीचं 'घान' हे नाव त्यातलंच. मरीत रुळांच्या एका अंगाला गोरे, दुसऱ्या अंगाला हे. त्यांनी बांधलेल्या मशिदीची प्रतिकृती आजही तिथे आहे.

सुगरण_माई | ५ जून, दुपारी १२:४०

मेलबर्नहून मिल्डुरावरून जाणार असाल तर रेनमार्कच्या अलीकडे याम्बाला फळमाशीचा नाका आहे. तिथे फळं आणि फळभाज्या काढून घेतात. हिरव्या मिरच्या, लिंबं, टोमॅटो, सगळं डब्यात जातं, वर दंड होऊ शकतो. कांदा-लसणाशिवाय काही भरून नेऊ नका, मिरच्या पुढे साउथ ऑस्ट्रेलियात घ्या. कोरडी लाल मिरची, लसणाची चटणी, मेतकूट यांना कुणी विचारत नाही.

काचेची बरणी नको, थडथडीत झाकण आपोआप फिरून उघडतं आणि लोणचं तंबूभर होतं. थालीपिठाची भाजणी, पिठल्याचं पीठ, भडंग, चिक्की, तिखटमिठाच्या पुऱ्या पहिल्या दिवसांसाठी. छोटा कुकर न्याच. गॅस आणि पाणी दोन्ही वाचतं, वरण-भात-बटाटे एकाच शिट्ट्यांत. भांडी आधी कागदाने पुसायची, मग जेमतेम पाण्याने. पिठलं खाली लागलं तर पाण्याचा हिशेब कोलमडतो, तेव्हा ढवळायला मुलाला बसवा.

दिवसा माश्या बेजार करतात, डोक्यावरून घ्यायची जाळी घ्या. सूर्य कलला की माश्या जातात आणि थंडी येते. रात्री शून्याच्या आसपास उतरतं. बाबांना कानटोपी आणि गरम पाण्याची पिशवी.

निवांत_नदी | ६ जून, रात्री १०:१५

एक गोष्ट कुणी लिहिली नाही. लेक एअर, म्हणजे काटी थांडा (२०१२ पासून दोन्ही नावं अधिकृत आहेत), याच्या तळावर उतरू नका. गाडी तर अजिबात नाही. अरबानांसाठी ती पवित्र जागा आहे आणि त्यांचं म्हणणं स्पष्ट आहे. मिठाच्या पातळ पापुद्र्याखाली काळा चिखल असतो, हे वेगळंच.

डांबरट | ६ जून, रात्री १०:४०

पण तिथे तर गाडीचा जागतिक विक्रम झालाय ना? १९६४, डोनाल्ड कॅम्बेल, ताशी ६४८ किमी. त्याला चाललं आणि आम्ही चपला घालून दोन पावलं टाकली तर पाप?

निवांत_नदी | ६ जून, रात्री ११:०५

त्याला कुणाला विचारायची गरज पडली नाही, एवढंच. आज विचारावं लागतं आणि उत्तर 'नाही' आहे. रायगडावर समाधीच्या चौथऱ्यावर चढून सेल्फी काढणाऱ्यांना आपण काय बोलतो ते आठवा.

अबोली_ॲडलेड | ७ जून, सकाळी ८:००

निवांत नदीशी सहमत. ट्रॅकच्या कडेलाच लेक एअर साउथचा थांबा आहे, तिथून भरपूर दिसतं. समुद्रसपाटीपेक्षा खाली उभे असता तुम्ही. मुख्य तलावाचा तळ तर सुमारे १५ मीटर खाली आहे. २०२५च्या मार्चात क्वीन्सलँडच्या पश्चिमेला पूर आला, ते पाणी वाहत वाहत मे महिन्यात तलावात पोचलं होतं. असं दरवर्षी होत नाही, एरवी पांढरं मीठ. खरा तलाव बघायचा तर विल्यम क्रीकहून छोट्या विमानाने वरून. पैसे लागतात, पण या सहलीत कुठे खर्च करायचा असेल तर तिथे करा. मरीहून उडणाऱ्या विमानांतून मरी मॅनही दिसतो. जमिनीवर कोरलेली अडीच किलोमीटरहून लांब आकृती, १९९८ साली एका वैमानिकाला दिसली. कुणी काढली ते आजवर उघड झालेलं नाही.

तंबूबद्दल: ढोरांच्या पाण्याच्या टाक्यांजवळ मुक्काम करू नका, माणसं दिसली की ढोरं पाण्यावर येत नाहीत. फाटक उघडं दिसलं तर उघडं ठेवा, बंद दिसलं तर बंद. कावर्ड स्प्रिंग्जला खजुरांखाली छान जागा आहे. अंधारात गाडी हाकू नका, कांगारू आणि गुरं रस्त्यातच उभी असतात.

सह्याद्रीवेडा | १ जुलै, रात्री ९:२०

उद्या निघतोय. टायर बदलले, दोन स्टेपन्या, बीकन नोंदवला. डॅलहौजी काढलं. बाबांनी स्वतःचा पान्यांचा संच वेगळ्या डब्यात भरलाय, त्याला आम्ही हात लावायचा नाही असा हुकूम आहे.

डांबरट | १ जुलै, रात्री ९:३१

शुभेच्छा! फोटो टाका. वृत्तांत न टाकता गायब झालात तर खरडवहीत येऊन बसेन.

जुना_पाना | ८ जुलै, सकाळी ११:१०

तिकडं पाऊस झाला म्हणतात. भावाचा काही निरोप?

अबोली_ॲडलेड | ८ जुलै, दुपारी १:००

मरी ते मार्ला सगळाच बंद दाखवतायत. ते मरीत असतील तर ठीक आहेत, तिथे हॉटेल, दुकान, तंबूची जागा सगळं आहे.

सह्याद्रीवेडा | १३ जुलै, रात्री ८:१५

कूबर पीडीहून लिहितोय, सगळे सुखरूप.

मरीत पोचलो त्या रात्रीच पाऊस लागला. सकाळी फलकावर सगळीकडे 'बंद'. छावणीत आमच्यासारख्या बऱ्याच गाड्या. एकजण म्हणाला, आकाश निवळलंय, चला, पोलीस कुठे येतायत. बायको म्हणाली, अबोलीताईंचा प्रतिसाद काढून वाचून दाखवू का? राहिलो. तो संध्याकाळी परत आला, गाडी ओळखू येत नव्हती. दुसऱ्या कुणीतरी ओढून काढली होती.

मरीतले दिवस मुलाला कंटाळवाणे होतील असं वाटलं होतं. बाबांनी त्याला स्टेशनावरच्या जुन्या घानच्या इंजिनांकडे नेलं आणि तिथे बसून त्याचा अख्खा वर्ग घेतला. नंतर छावणीतल्या एका आजोबांच्या ट्रेलरचं बेअरिंग गेलेलं होतं. बाबांना इंग्रजी बेताचं, त्यांना मराठी शून्य. दोघं ग्रीसने माखून दुपारभर गप्पा मारत होते. काय बोलले ते दोघांनाच ठाऊक. संध्याकाळी त्यांच्याकडून कोकराचं मांस आलं, आमच्याकडून पिठलं गेलं. त्यांनी तिखटाने डोळे पुसत दुसऱ्यांदा मागून घेतलं.

मग 'फक्त फोर व्हील ड्राइव्ह' झालं आणि निघालो. हवा तीसवर, वेग सत्तर. बबलर बघितला. वाळवंटाच्या मधोमध गोल डबकं आणि तळातून वाळू उसळत वर येतेय. बाबा बराच वेळ वाकून बघत होते, म्हणाले, पंप कुठे बसवलाय? सांगितलं की पंप नाही, जमिनीचाच दाब आहे. विश्वास बसला नाही, पाटी वाचून घेतली.

तारबाबू काका, स्ट्रँगवेजला गेलो. मुलाने दगडावर दगड आपटून कडकट्ट केलं. त्याच्या चित्रफितीचा दुवा तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

विल्यम क्रीकहून विमान केलं. ऊडनाडाटाच्या बाजूला एका नाल्याचं पाणी उतरलं नव्हतं, दोन-तीन दिवस तरी म्हणाले. ते दिवस आमच्याकडे नव्हते, म्हणून कूबर पीडीची वाट धरली. म्हणजे आल्गेबकीना पूल राहिला, ऊडनाडाटाचं गुलाबी रोडहाउस राहिलं. पुलासाठी वाईट वाटलं, १८९२चा, अर्ध्या किलोमीटरहून लांब. बाबांना तोच बघायचा होता.

जुना_पाना, रोजच्या फेरीत काय काय सैल निघालं ते बाबांनी वहीत लिहून ठेवलंय. छताच्या रॅकचे बोल्ट रोज, मागचा डावा शॉक एकदा, आणि नंबर प्लेट एका बाजूने लोंबत होती. टायर एकही गेला नाही. समोरची काच मात्र ट्रकच्या खडीने टिचलीय.

जुना_पाना | १३ जुलै, रात्री ८:५०

टिचलीय तिथं आजच रेझिन भर, उद्याच्या थंडीत चीर लांबेल. कूबर पीडीत साहित्य मिळेल. बाबांना नमस्कार सांग. वहीचे फोटो टाक, इथल्या पोरांना दाखवतो.

तारबाबू_नाशिक | १४ जुलै, सकाळी ५:५०

चित्रफीत बघितली. चिरंजीवांचा हात जरा जड आहे, डॉट आणि डॅश सारखेच पडतायत. पण ठाण्यावर घेतला असता.

सुगरण_माई | १४ जुलै, सकाळी १०:२०

पिठलं लागलं नाही ना खाली?

सह्याद्रीवेडा | १४ जुलै, सकाळी १०:४५

माई, दोनदा लागलं. बाबांनी वाळूने घासून काढलं, पाणी वाचलं.

अबोली_ॲडलेड | १४ जुलै, दुपारी १२:१०

परतताना ॲडलेडवरून येणार असाल तर बाबांना बर्डवुडच्या मोटार संग्रहालयात न्या, शहरापासून तासाभरावर. तिथे टॉम क्रूझ यांचा १९३६चा लेलँड बॅजर ट्रक ठेवलाय. नट नव्हे, टपालवाला. मरी ते बर्ड्सव्हिल, पाचशेहून जास्त किलोमीटर वाळूतून टपाल, किराणा, डिझेल, माणसं, सगळं नेत होता, वीसेक वर्षं. वाटेत मोडलेले भाग वाटेतच दुरुस्त करायचा.

सह्याद्रीवेडा | १४ जुलै, दुपारी १२:३५

लेलँड म्हटल्यावर बाबा उठून बसलेत. 'आमच्या डेपोत अर्ध्या गाड्या लेलँडच्याच' असं सुरू झालंय. गुरुवारी ॲडलेडला पोचतोय. ट्रकखाली वाकून बघू देतात का तिथे?

अबोली_ॲडलेड | १४ जुलै, दुपारी १२:५०

दोरीच्या अलीकडून. पण गुडघ्यांची अडचण सांगितली होतीत ना तुम्ही? शुक्रवारी मला सुट्टी आहे, मी पण येते, जेवायला घरी या. मिरच्या माझ्याकडे आहेत.